वॉबल विझत का नाही?

(पावसाळ्याआधी चिपळूणला जमलेल्या क्रूझर मोटरसायकलस्वारांसमोर एका गॅरेजमालकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय तो मोठ्या क्रूझरला, म्हणजे पाय पुढे टाकून चालवायच्या लांबट गाडीला, वेगात येणाऱ्या वॉबलचा, म्हणजे चालता चालता हॅण्डल आपोआप झपझप हलायला लागतं त्याचा. आधी वेगाचंच बघू. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्याने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. बाहेर लावलेल्या गाड्या बघता ती कोण किती पाळतं हे मी विचारत नाही. पण वॉबल म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी ८०च्या आतल्याच असतात. त्यामुळे 'मी कुठे एवढा वेगात जातो' असं म्हणून कुणी मागे चहाला जाऊ नये.

माझं गॅरेज हातखंब्याच्या अलीकडे आहे. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "नव्वदाच्या वर गेलय की हँडल हलता." एवढ्यावर मी पाना उचलत नाही. मी विचारतो: किती वेगाला सुरू होतं, किती वेगाला थांबतं? थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, उघडा असताना की सोडल्यावर? एकटे होतात की मागे कुणी बसलं होतं? सरळ रस्त्यावर की लांब वळणात? हातांना जाणवलं की बुडाखाली? लोकांना वाटतं हा माणूस वेळ काढतोय. खरं तर या पाच उत्तरांत निम्मी गाडी खोलून झालेली असते.

कारण 'गाडी हलते' या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं इंजिनाचं व्हायब्रेशन, ते पटकन बाजूला काढता येतं. त्याच वेगाला एक गिअर वर टाकून बघा. थरथर बदलली तर ती इंजिनाची. नाही बदलली तर चाकं, टायर आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्याकडे वळायचं.

दुसरा खरा वॉबल. हा पुढच्या भागाचा. हॅण्डल डावी-उजवीकडे झपझप हलतं, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा. मोजता येत नाही इतकं जलद. सीटखाली मात्र फारसं काही कळत नाही. ६०-७०च्या आसपास, थ्रॉटल सोडून गाडी आपसूक मंदावू दिली आणि हात हलके ठेवले की हा डोकं वर काढतो. हाच भडकला तर हॅण्डल टाकीवर दोन्ही बाजूंनी आपटतं.

तिसरं दुखणं म्हणजे वीव्ह. इथे अख्खी गाडी डोलते. मागचा भाग एका बाजूला, पुढचा दुसऱ्या, आणि गाडी थोडी लवतेही. याचा ठेका संथ, सेकंदाला २ ते ४. म्हणजे घाबरला नसाल तर मोजता येईल. तो १००च्या पुढे येतो, सामान लादलेलं असताना येतो, मोठ्या वेगाच्या वळणात रस्ता जरा लाटेसारखा असला की येतो. वॉबलचा ठेका वेग वाढला तरी फारसा बदलत नाही, वीव्हचा मात्र वेगासोबत वाढतो. वॉबलसाठी गाडीचं तोंड तपासायचं, वीव्हसाठी आधी मागची बाजू आणि सामान. हे न विचारता कुणी थेट पुढचं टायर बदलायला सांगितलं, तर तुम्ही त्याच्या दुकानातला माल खपवताय, एवढंच.

आता थोडं गणित. १९७१ साली रॉबिन शार्प नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मोटरसायकलच्या हालचालीची समीकरणं मांडली. त्यांत ही दोन्ही हलणी स्वच्छ बाहेर आली. त्याची कागदावरची गाडी कुठेही घासलेली नव्हती, बेअरिंग सैल नव्हतं, टायर जुना नव्हता. तरीही वॉबल आणि वीव्ह तिच्यात होतेच. शिवाय टायर बाजूला ओढ लागल्यावर किंचित उशिराने प्रतिसाद देतो, ही गोष्ट हिशेबात धरल्याशिवाय वॉबल नीट दिसत नाही, हेही त्याने दाखवलं. म्हणजे डोलणं हे दोन चाकांच्या रचनेतच आहे. धडधाकट गाडीतही ते सुरू होतं, पण लगेच विझतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ओटीवरचा झोपाळा डोळ्यांसमोर आणा. एक धक्का दिला की काही हेलकावे घेऊन थांबतो, कारण कड्या घासतात. कड्यांना तेल घातलं की जास्त वेळ हलत राहतो. आणि एखादं पोर दर हेलकाव्याला नेमक्या वेळी बोट लावत बसलं, तर थांबतच नाही. गाडीचंही नेमकं असंच आहे. तिथे दोन प्रश्न असतात: हेलकावा जिरवणारी गोष्ट कुठे कमी झाली, आणि वेळेवर बोट कोण लावतंय?

बोट लावणारं पोर बहुतेक वेळा पुढचं चाक असतं. हिशेब करा. १००/९०-१९ मापाच्या टायरचा घेर २ मीटरहून थोडासा जास्त. ताशी ५० ते ७० या वेगात ते चाक सेकंदाला साधारण ७ ते ९ फेऱ्या घेतं. वॉबलचा ठेका काय सांगितला? सेकंदाला ६ ते १०. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल किंवा टायरला उंचवटा असेल, तर दर फेरीला एक धक्का, आणि तोही बरोब्बर तालात. १००ला तेच चाक १३ फेऱ्यांवर गेलेलं असतं, ताल चुकतो. म्हणून पुष्कळ जण सांगतात, "वर पळवली की छान चालते, ७०ला आली की हलते." ते खरंच सांगत असतात. गाडी वर बरी झालेली नसते, फक्त ताल चुकलेला असतो.

रस्त्याला दोष देणं सोपं आहे. काँक्रीटचा जोड आला, डायव्हर्जनची कड लागली, समोरून कंटेनर वाऱ्यासारखा गेला. हे सगळे धक्के खरेच आहेत आणि आपल्या ६६ नंबरच्या महामार्गावर ते मुबलक मिळतात. हा रस्ता कधी पुरा होणार, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याला वक्ता मिळणं कठीण आहे. पण धक्का तर बसणारच. त्यानंतरचा हेलकावा दोन सेकंदांत का विझला नाही, हे मला शोधायचं असतं.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. हवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, स्वतःच्या गेजने. पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम होतो आणि आकडा फुगतो. तिथला गेज किती वेळा खाली पडलाय हे तो पंपवालाच जाणे. किती हवा हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं, आणि मागे माणूस बसणार असेल तर आकडा वेगळा असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. ही गल्लत इतक्या वेळा बघितली आहे की आता मला चीड येत नाही.

मग टायरवर तळवा फिरवा. पुढून मागे एकदा, मागून पुढे एकदा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने दातेरी लागलं, तर टायर वाट्यावाट्यांनी झिजलाय. मागचा टायर मधोमध सपाट झालाय का तेही बघा. महामार्गावर सरळ चालवून तो चौकोनी होतो आणि वळणात घालताना त्या कडेवरून गाडी एकदम कलंडते. कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. आपल्याकडे क्रूझर रोज चालत नाहीत, त्यामुळे नक्षी शिल्लक असते पण रबर म्हातारं झालेलं असतं. 'अजून किती खोल नक्षी आहे बघा' हा युक्तिवाद अशा टायरला लागू पडत नाही.

फुकटची दुसरी गोष्ट म्हणजे सामान उतरवणं. मे महिन्यात माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येते. मुंबईकर गावी आलेला असतो, आणि परतताना टॉप बॉक्सवर आंब्याची पेटी आवळलेली असते. पाच डझनांची पेटी, आंबा पाव किलोचा धरला तर १५ किलो. ती मागच्या ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे बसली आणि दोन चाकांतलं अंतर दीड मीटर असलं, तर पुढच्या चाकावरून ४ किलो उचलले जातात आणि मागच्यावर १९ पडतात. ४ किलो ऐकायला काहीच नाही. पण डोलताना गाडी आपल्या मध्याभोवती फिरते, आणि वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं त्याचं वळवणं-थांबवणं अवघड. अंतर दुप्पट झालं की परिणाम चौपट. म्हणून तीच पेटी मागच्या सीटवर, पाठीला टेकवून बांधली तर गाडी मुकाट चालते. बिनसामानाची चालवा. हलणं गेलं तर कारण सापडलं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, जड वस्तू सॅडलबॅगेत खाली आणि पुढे ठेवा, आणि टॉप बॉक्समध्ये रेनकोट ठेवा.

हॅण्डलला लावलेली मोठी विंडशील्डही याच खात्यातली. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, किंवा हॅण्डलला जोडलेली काच वाऱ्याचा प्रत्येक झोत थेट स्टिअरिंगमध्ये पोहोचवते, आणि तिचं वजन स्टिअरिंगसोबत फिरतं. फ्रेमला जोडलेल्या फेअरिंगचं, म्हणजे वारा अडवणाऱ्या पुढच्या आवरणाचं, तसं नसतं. खाडीवरच्या पुलांवर आडवा वारा असतो, तिथे हा फरक कळतो. चार बोल्ट काढा, एक चक्कर मारा.

आता पाना उचलू. हा भाग मी एका गाडीवरूनच सांगतो.

गुहागरकडचे एक बागायतदार. त्यांची जुनी मोठी क्रूझर नेहमी धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून ये-जा करते. बोटीत गाड्या पुढच्या बाजूला उभ्या असतात, खारं पाणी उडतं, आणि घरी जाऊन कुणी गाडी गोड्या पाण्याने धूत नाही. तक्रार दुहेरी होती: हळू चालवताना गाडी रेषेत राहत नाही, आणि ६५ला थ्रॉटल सोडला की हॅण्डल थरथरतं. दोन गॅरेजं झाली होती. एकाने हॅण्डलचं बेअरिंग घट्ट केलं होतं, दुसऱ्याने सैल केलं होतं.

फ्रेमखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं. अशा मोठ्या क्रूझरला बहुधा डबल स्टँड नसतो, त्यामुळे दोन माणसं धरायला लागतात. हॅण्डलच्या टोकाला एक बोट लावून डावीकडून उजवीकडे सावकाश आणलं. बरोबर मध्यावर आल्यावर ते 'टुक' करून बसलं. पुढे न्यायला किंचित जोर लागला. मग फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे ढकललं, तर दुसऱ्या हाताला वरच्या नटाजवळ खटखट लागली. घट्ट केलं तर टुक, सैल केलं तर खटखट. बरोबर बसवायला मधली जागाच उरली नव्हती, म्हणून आधीच्या दोघांनाही यश आलं नाही. त्यांचं ॲडजस्टमेंट चुकीचं नव्हतं, ॲडजस्ट करण्यासारखं आत काही शिल्लक नव्हतं.

खोलल्यावर वरची रेस, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी, ठीक होती. खालच्या रेसवर, सरळ चालताना गोळ्या जिथे टेकतात तिथे, सारख्या अंतरावर खळगे पडले होते. नख अडकेल एवढे. ग्रीस लालसर झालं होतं आणि बोटावर चोळलं तर गंजाची कचकच लागत होती. खालचीच रेस का गेली? एक तर गाडीच्या तोंडाचा भार तिच्यावर येतो. दुसरं, पुढचं चाक जे पाणी उडवतं ते थेट तिच्या सीलवर. कोकणातला पाऊस, लाल माती आणि वर खारं पाणी. खड्ड्यांची ठोकर वेगळी.

मध्यावर खळगा असला की हॅण्डलला सरळ राहायची खोड लागते. तुम्ही बारीक दुरुस्ती करायला जाता, ते अडतं, मग खळग्यातून सुटून जास्तच वळतं, मग तुम्ही उलट वळवता. म्हणून हळू चालवताना ती रेषेत राहत नव्हती. आणि बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, असला की फोर्क मोकळा हलतो, हेलकावा जिरत नाही, म्हणून ६५चा वॉबल. दोन्ही रेस आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलला. नुसत्या गोळ्या बदलून खळगे भरत नाहीत, हे गिऱ्हाइकाला समजवायला चहा दोनदा मागवावा लागला. नवी रेस ठोकून बसवली की काहीशे किलोमीटरमध्ये ती थोडी आणखी बसते, तेव्हा एकदा परत टाइट तपासायला बोलावतो. निम्मे लोक येत नाहीत.

वॉबल गेला का? कमी झाला, गेला नाही. कारण सैल बेअरिंगवर चाललेला पुढचा टायर आता वाट्यावाट्यांनी झिजला होता. दुखणं बेअरिंगचं, पण टायरने ते आपल्या अंगावर लिहून ठेवलं होतं. टायर बदलला, चाक बॅलन्स केलं, आणि ६५ला हॅण्डल शांत झालं. आधी टायर बदलला असता तर काय? महिना-दोन महिने छान वाटलं असतं, मग नवाही तसाच झिजला असता आणि त्यांनी टायर कंपनीला शिव्या दिल्या असत्या. वॉबलमध्ये एकच गुन्हेगार क्वचित सापडतो.

मागच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. चाक अधांतरी करून ते आडवं हलवा. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा वर-खाली होणारा भाग, स्थिर आणि चाक एकटंच हललं तर व्हील बेअरिंग. स्विंगआर्मसकट हललं तर त्याच्या मुळाशी असलेले बुश किंवा बेअरिंग. किनाऱ्यावरच्या गाड्यांत ही जागा गंजून जाम झालेलीही सापडते. शॉकअपमधून तेल गळतंय का बघा. ताराचाकं असतील तर प्रत्येक तार पान्याने वाजवा, सैल तार बद्द वाजते. चेन किंवा बेल्ट ताणताना ॲक्सलच्या खुणांवर विसंबू नका. स्विंगआर्मच्या पिव्हटच्या, म्हणजे तो ज्यावर हलतो त्या सांध्याच्या, मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

एक खास गोष्ट, इथे दोन-तीन मोठ्या हार्ले-डेव्हिडसन उभ्या आहेत म्हणून. १९८०च्या एफएलटी मॉडेलपासून त्यांच्या टूरिंग, म्हणजे लांब प्रवासाच्या, गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म हा एकच गठ्ठा आहे, आणि तो फ्रेममध्ये रबरी माउंटांवर बसवलेला असतो. आडवा हलू नये म्हणून त्याला दांडे, म्हणजे लिंक असतात. थरथर बसणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, हा फायदा. पण रबर म्हातारं झालं किंवा लिंकचा सांधा सैल झाला, की मागचं चाकच पुढच्याच्या रेषेत राहत नाही. लांब वळणात मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं ते यामुळे. अशा गाडीचं स्विंगआर्म तपासून माउंट न तपासणं म्हणजे काम अर्धं सोडणं. बहुतेक इतर क्रूझरना स्विंगआर्म थेट फ्रेमला असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. हवा, टायर, बेअरिंग, शॉकअप सगळं एका दिवशी केलंत तर गाडी बरी होईल, पण कशाने ते कुणालाच कळणार नाही.

रस्त्यातच वॉबल आला तर काय करायचं? हॅण्डल आवळून धरू नका. आवळलेले हात हेलकावा जिरवत नाहीत, तुमच्या खांद्यांचं वजन त्यात मिसळतात. पुढचा ब्रेक लावू नका, भार पुढे जातो आणि हलणं वाढू शकतं. थ्रॉटल हळूहळू कमी करा, एकदम सोडू नका. अंग पुढे झुकवा, छाती खाली आणा. गुडघ्यांनी टाकी धरा असं सगळे सांगतात, पण आपल्या गाड्यांचे पाय-पेग इतके पुढे असतात की गुडघे टाकीला लागतच नाहीत. म्हणून आपल्याला पुढे झुकणंच जास्त उपयोगी. काही जण म्हणतात थ्रॉटल पिळून बाहेर पडायचं. पुढचं चाक हलकं होऊन कधी तसं होतंही. पण तो वीव्ह असेल तर वेग वाढवून तुम्ही त्याला खुराक देता. त्या क्षणी कोणता आहे हे ओळखण्याइतकं डोकं शांत राहतं असं मला वाटत नाही, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

(श्रोत्यांतून: स्टिअरिंग डॅम्पर बसवला तर?)

डॅम्पर, म्हणजे हॅण्डलचं हलणं जिरवणारा जोड, चांगली वस्तू आहे. ज्या गाडीवर तो कंपनीकडूनच येतो तिथे तो हवाच. पण तुमच्या गाडीला ती नवी असताना तो लागत नव्हता ना? मग आज का लागतोय? बेअरिंग गेलेलं असताना डॅम्पर लावला तर वॉबल दिसेनासा होईल आणि बेअरिंग आणखी जाईल. शिवाय डॅम्पर पुढचा वॉबल दाबतो, वीव्हला त्याचा उपयोग नाही, उलट काही वेळा तो वाढतो. सगळं तपासून झाल्यावरही थोडं उरलं, तर मी स्वतः बसवून देईन.

(श्रोत्यांतून: बेअरिंगचं काम पावसाआधी करू की पावसानंतर?)

आधी. जूनच्या आत. ताजं ग्रीस भरलेलं असलं की पाण्याला आत जागा मिळत नाही. ओलं, खारट बेअरिंग चार महिने पडवीत उभं राहिलं तर ऑक्टोबरात त्याच्यावर मला काही करता येत नाही. गाडी ठेवताना दोन्ही टायरांत हवा पूर्ण भरा, जमलं तर चाकांवरचा भार काढा, आणि प्लास्टिकचं कव्हर घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि कृपा करून गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा अख्खी मुंबई माझ्या दारात पंक्चर झालेली असते.